नाना, शिरपूरला झालं ते

नाना, तुमच्या तेराव्याच्या भजनाला पेटीवर कोण बसणार यावरून तुमच्याच अंगणात जुंपली होती. भजनी मंडळातले दोघं एकदमच पुढे सरसावले, तर त्यांच्यातल्याच वयस्कर आबांनी दोघांनाही खाली बसवलं. म्हणाले, "नानाच्या पेटीला हात लावायचा तर आधी हात धुऊन या. आणि धुऊन आलात तरी लावू नका." तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. शेवटी तुमच्याकडे शिकायला येणारी देवपुरातली ती कॉलेजची मुलगी बसली. भीतभीत वाजवत होती, पण सुरात होती. मी तबल्यावर होतो. बावीस वर्षं उजवीकडे मान वळवली की तुम्ही दिसायचात. त्या दिवशीही सवयीने चार-पाच वेळा मान वळली.

त्याच दुपारी, पंगती उठल्यावर, मी वहिनींना एक गोष्ट सांगितली. खरं तर ती तुम्हाला सांगायची होती. सहा वर्षं होती माझ्या हातात. पण तुम्ही सकाळी अंघोळीला म्हणून उठलात आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलंसुद्धा. नाना, मला तुमचा राग येतो. आठवडाभर आजारी पडला असतात, मला उशाशी बसायला मिळालं असतं, तर बोललो असतो. बहुतेक तेव्हाही बोललो नसतो म्हणा. मी कसा आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

गोष्ट शिरपूरच्या मुलाखतीची आहे. तुम्ही गाणं का सोडलंत, त्याची आहे.

मी पहूरहून धुळ्याला आलो तेव्हा माझ्याकडे एक तबल्याची जोडी आणि भलताच ताठा होता. तुम्ही माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पण पहिल्याच कार्यक्रमानंतर मला म्हणालात, "हात ग्वाड शे तुन्हा. फक्त गानाराले मोकळा ठेव." हात गोड आहे एवढंच मी ऐकलं. पुढचं ऐकायला मला बरीच वर्षं लागली. आपला भांडणाचा विषय तोच. गाणारा चुकला की तुम्ही त्याला झाकायचात. तो अंतरा विसरला तर तुम्ही पेटीवर ती ओळ घोळवत बसायचात, त्याला आठवेपर्यंत. तो वर चढला तर तुम्ही मुकाट पट्टी बदलायचात. मी चिडायचो. हार त्याला, शाल त्याला, फोटो त्याचा, आणि चुका निस्तरायच्या आपण? तुम्ही म्हणायचात, मग साथ कशाला म्हणतात. मी म्हणायचो, याला साथ नाही, हमाली म्हणतात. परतीच्या वाटेवर सोनगीर मागे पडलं तरी आपला वाद संपायचा नाही, आणि पुढच्या कार्यक्रमाला तिथूनच पुढे सुरू.

लग्नसराईत आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. आज अमळनेर, उद्या चोपडा, परवा जळगावला कुणा शेठजींच्या घरी भक्तिसंध्या. आणि मग एकदम सगळं बंद. पितृपक्षात तर फोन वाजला की तो चुकीचाच नंबर असायचा. त्या दिवसांत तुम्ही लोकांच्या पेट्या दुरुस्त करायचात, भात्याला नवं कातडं लावायचात, सूर घासून जुळवायचात. मी शिकवण्या धरायचो. आईबाप विचारायचे, "तबल्याने पुढे काय होतं सर?" मला वाटायचं, सांगावं, माझ्याकडे बघा, हे होतं. वहिनींच्या हातच्या पिठल्यावर असे किती दिवस काढले, त्याला गणती नाही.

म्हणून शिरपूरची जाहिरात आली तेव्हा आपण दोघंही हरखलो. शाळा मोठी, जागा कायमची. संगीत शिक्षक, पद एक. पद एक आहे हे वाचूनही आपण दोघांनी अर्ज केला, आणि एकमेकांना सांगूनच केला. तुम्ही हसत म्हणालात, "कोन्हालेबी लागो, दोन्ही घरना चहा एकच." मी पण हसलो. पत्रात लिहिलं होतं, उमेदवाराने साथीदार स्वतः आणावा. आता जगात दुसरा कुणीही शहाणा माणूस एकाच जागेसाठी भांडणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराला आपल्या साथीला नेणार नाही. माझी बायको मला म्हणालीसुद्धा, "अहो, दुसरा पेटीवाला बघा ना एक दिवसापुरता." मी तिच्यावर ओरडलो. वहिनींनीही तुम्हाला तेच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. पण आपल्या डोक्यात तसं काही आलंच नाही. पेटी म्हणजे तुम्ही आणि तबला म्हणजे मी, यात बदलायचं काय?

माझं नाव आधी पुकारलं. समोर तिघं होते, मुख्याध्यापिका, संस्थेचे एक जण आणि बाहेरून बोलावलेले एक संगीतातले जाणकार. तबला वाजवून दाखवेपर्यंत सगळं झकास चाललं. मग ते म्हणाले, आता एक प्रार्थना गा. मुलांना शिकवायचं तर गायला हवंच. काळी एक पट्टी ठरली होती आणि मी घाबरून वरच्या पट्टीत घुसलो. मला वाटलं, संपलं. पण तुमची बोटं माझ्या आधी तिथे पोचली होती. समोरच्यांना वाटलं, हा माणूस याच पट्टीत गातो. दुसरं कडवं विसरलो तर तुम्ही ते पेटीवर वाजवलंत, इतकं छान की ते जाणकार मान डोलवायला लागले. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालात, बरं झालं. मी घामाने भिजलो होतो, नाना, आणि मनातल्या मनात तुमचे पाय धरले होते.

मग तुमचं नाव आलं.

तुम्ही तुमच्या आईच्या ओव्या गायला घेतल्यात. चाल तुमचीच, संथ, एकेका शब्दाला जागा देणारी. पेटी तुमच्या हातात, मी बाजूला तबल्यावर. पहिली ओळ तुम्ही अशी उचललीत की मुख्याध्यापिकांनी हातातला पेन खाली ठेवला. ते जाणकार पुढे सरकून बसले. मी ते पाहिलं. मला स्वच्छ कळलं की ही नोकरी तुमची झाली.

तेव्हा आमच्याकडे दुसरं मूल होणार होतं. घरमालकाने खोली सोडायला सांगितलेली. माझ्या डोक्यात आलं, नानांचं स्वतःचं घर आहे, मुलीचं लग्न झालंय, त्यांचं कसंही भागेल. हे सगळं एका ओळीत डोक्यात आलं आणि माझा हात पळाला. लय वाढली. थोडीशीच, ऐकणाऱ्याला कळणार नाही एवढी, पण गाणाऱ्याचा श्वास पुरणार नाही एवढी. तुम्ही हनुवटीने खूण केलीत, थांब. ती खूण मला झोपेतही ओळखता आली असती. मी ती पाहिली आणि मान खाली घातली.

नाना, पहिल्या ओळीला हात आपोआप पळाला. दुसऱ्या ओळीपासून मी पळवला. मुद्दाम. तुमचे शब्द तुटायला लागले, समेवर तुम्ही उशिरा आलात, एकदा तर मधेच खोकलात. समोरच्यांना काय दिसलं, तर एक वय झालेला माणूस, दम लागतोय, लय सांभाळता येत नाही. जाणकारांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तुम्ही गाणं आवरतं घेतलंत आणि सगळ्यांना नमस्कार केलात. मलासुद्धा केलात, कार्यक्रम संपल्यावर नेहमी करता तसा.

परत येताना तापीच्या पुलावर तुम्ही गाडी थांबवायला सांगितली नाही. एरवी नेहमी थांबायचात, नाणं टाकायचात. नरडाण्याला चहाला थांबलो. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि तो तसाच गार होऊ दिलात. मग म्हणालात, "मन्ही लय गयी रे दिलीप."

तिथे मला एक वाक्य बोलायचं होतं, नाना. फक्त एक. त्याऐवजी मी काय बोललो, तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, "तसं काही नाही नाना, दम लागला असेल. होतं या वयात." मुलाखतीत जे केलं त्यापेक्षा हे वाईट होतं, असं मला आता वाटतं. तिथे मी घाबरलेला होतो, नरडाण्याला मी घाबरलेला नव्हतो. तुम्ही मान हलवलीत आणि विषय संपवलात.

आणि गंमत बघा, नोकरी मलाही लागली नाही. दोन महिने आपण दोघं एकमेकांना फोन करून विचारत होतो, काही कळलं का. पत्र नाही, फोन नाही. शेवटी आपल्याच ओळखीचा एक जण सांगत आला की तिथे एक जण केव्हाच रुजू झाला. तो पेटी वाजवतो, कीबोर्ड वाजवतो, मुलांचं बँड पथक बसवतो, आणि संगणकावर गाणीही तयार करून देतो. आपण दोघं मिळूनही त्याच्या निम्मे भरलो नसतो. तुम्ही हसून म्हणालात, "बरं झालं, रोज सकायनी यष्टी कोन धरतं?" माझ्याच्याने हसवलं नाही. मी तुमचा गळा कापला होता आणि तोही फुकट.

त्यानंतर तुम्ही गायला नाहीत. आधी प्रत्येक कार्यक्रमात एखादं तरी गाणं तुमचं असायचं, लोक मागायचे. आता कुणी आग्रह केला की तुम्ही हात जोडायचात. म्हणायचात, आवाज बसलाय. मग काही दिवसांनी लोकांनी मागणं बंद केलं. लोक चटकन विसरतात, आणि मी त्यांच्यावर मनातून खूश असायचो.

जळगावची ती भक्तिसंध्या आठवते? गायक पेन ड्राइव्हवर सगळं संगीत घेऊन आला होता. आपल्याला म्हणाला, "नाना, आज ट्रॅकवर घेऊ या. तुम्ही दोघं नुसते बसा, स्टेज भरलेलं दिसतं." आपले माइक बंद. मी तबल्यावर नुसते हात फिरवत होतो, बाहुल्यासारखा. आणि तुम्ही शेजारी बसून खरं वाजवत होतात. सगळं, बारीकसारीक जागांसकट. मी कानात म्हटलं, "अहो, कुणाला ऐकू जात नाहीये." तुम्ही म्हणालात, "माले जाई ऱ्हायनं ना."

त्या दिवशी मध्यंतरात शेठजींच्या आई पुढच्या रांगेतून उठून आल्या. कंबरेत वाकलेल्या, राजस्थानी वळणाची हिंदी. म्हणाल्या, "नानाजी, वो आपकी माँ वाली सुनाओ ना। बहुत साल हो गए।" तुम्ही त्यांच्या पाया पडलात आणि म्हणालात, "मांजी, अब लय नहीं रही।" त्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी हातोडी घेतली आणि सुरात असलेला तबला पुन्हा सुरात लावत बसलो. ठोक ठोक ठोक. त्या म्हाताऱ्या बाई हळूहळू परत गेल्या.

सहा वर्षं असं चाललं. बरं, तुम्ही माझ्याशी वागण्यात तसूभर बदल केला नाहीत. माझ्या मुलाच्या बारशाला पेटी घेऊन आलात. माझा हात दुखायला लागला तेव्हा तेल आणून दिलंत. कोरोनात सगळं ठप्प होतं तेव्हा रोज संध्याकाळी फोन करायचात, "जेवलास का?" एवढं विचारायला. मी वैतागून शाळेच्या शिपायाची नोकरी धरायला निघालो होतो, तर गाडी काढून घरी आलात आणि उंबरठ्यावर उभे राहून म्हणालात, "शिपाई व्हय, पन तबला इकू नको." मी विकायला काढला होता, ते तुम्हाला कुणी सांगितलं कोण जाणे. तबला अजून आहे माझ्याकडे, नाना. तुमच्यामुळे आहे.

कधी कधी मला वाटतं, तुम्हाला ठाऊक होतं. रस्त्यापलीकडच्या घरात कुणी पेटी वाजवत असेल तर तिचा कुठला सूर उतरलाय ते तुम्ही ओट्यावर बसून सांगायचात. अशा माणसाला शेजारचा तबला पळतोय हे कळलं नसेल? खूण तर तुम्ही केली होतीत. मग वाटतं, ठाऊक असूनही तुम्ही मला झाकलंत, सगळ्यांना झाकायचात तसं. हे मनात आलं की थोडं बरं वाटतं, आणि लगेच लाज वाटते की बरं का वाटतंय.

तेराव्याच्या दुपारी हे सगळं मला आत ठेवता येईना. भजन संपलं होतं. मंडप सोडणारे लोक दोऱ्या सोडत होते. वहिनी ओट्यावर बसून शेजारून आणलेली भांडी नावं बघून वेगळी करत होत्या. मी शेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. खूण केलेली, मान खाली घातलेली, नरडाण्याचा चहा, सगळं.

त्या भांडी वेगळी करायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मुद्दाम?"

"हो वहिनी."

त्यांनी हातातलं पातेलं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या वर्षी तुमच्या बायकोच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मी केले होते. डिंक आणायला ते स्वतः बाजारात गेले होते, ऊन डोक्यावर घेऊन."

मी म्हटलं, "आठवतंय."

मला वाटलं होतं, त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील, नाहीतर म्हणतील, जाऊ द्या भाऊ, झालं ते झालं. यातलं काहीच झालं नाही. त्या आत बघून हाका मारायला लागल्या, "मनीषा, इकडे ये. लवकर ये." मनीषा हात पुसत बाहेर आली. तुमची मुलगी तुमच्यासारखीच चालते, नाना, एक खांदा थोडा उतरता. वहिनी मला म्हणाल्या, "हिला सांगा. आत्ता मला सांगितलं तसं, सगळं सांगा."

मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. पहिल्यांदा सांगताना मला रडू आलं होतं, दुसऱ्यांदा आलं नाही. मनीषाच्या डोळ्यांत बघून सांगणं फार अवघड होतं. तिने मधे एकदाही काही विचारलं नाही. माझं संपल्यावर तिने आईकडे पाहिलं, आणि दोघी मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी तिथे नव्हतोच जसा.

मग वहिनी बोलल्या, माझ्याशी नाही, तिच्याशी. "तुझ्याकडून ते टिकटिक वाजायचं काय घेतलं होतं गं त्यांनी?"

मनीषा म्हणाली, "लयीचं ॲप होतं ते. मीच घालून दिलं होतं त्यांच्या मोबाइलमध्ये. शिकणाऱ्या मुलांसाठी हवंय म्हणाले होते."

"मुलांसाठी कसलं. सहा वर्षं रोज सकाळी पूजा झाली की मागच्या खोलीत जायचे. दार लोटायचे. ते टिकटिक लावायचे आणि हळू आवाजात त्यांच्या आईच्या ओव्या म्हणायचे, मांडीवर ताल धरून. थांबायचे, परत पहिल्यापासून. आणि मला हाक मारून विचारायचे, 'बरोबर येतंय का गं?' मला काय कळतंय त्यातलं? मी म्हणायचे, येतंय की. तर म्हणायचे, तू मन राखाले सांगस."

वहिनींनी एवढं सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "आता तुम्ही जा दिलीपभाऊ. आज जा." मी उठलो. फाटकापर्यंत आलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, जरा मोठ्याने, मनीषाला सांगत होत्या, "ऐकलंस ना तू? तुझे बाबा चुकत नव्हते."

आज सहावा दिवस. वहिनींकडे गेलो नाही. बोलावतील तेव्हा जाईन, नाही बोलावलं तर तेही मला कबूल आहे. पण रोज सकाळी पूजेची वेळ झाली की मला तुमची मागची खोली दिसते, लोटलेलं दार दिसतं, आणि तुम्ही विचारताय ते ऐकू येतं. ते तुम्ही वहिनींना विचारायला नको होतं, मला विचारायला हवं होतं. तुम्ही एक फोन केला असतात तरी मी पाच मिनिटांत आलो असतो. खोटं कशाला बोलू, आलो असतो आणि तेव्हाही गप्प बसलो असतो.

आता विचारणारं कुणी नाही, तरी सांगतो. येत होतं, नाना. तुमचं बरोबर येत होतं.